दोन उधाणांच्या मधला जन्म

न्यूझीलंड, आग्नेय ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, चिली, अर्जेंटिना आणि फॉकलंड बेटे एवढ्या दूरवर पसरलेल्या भूभागांच्या गोड्या पाण्यात एकच लहानसा, सडपातळ आणि खवले नसलेला मासा आढळतो. न्यूझीलंडचे माओरी लोक त्याला ईनंगा म्हणतात. डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत जमवलेल्या नमुन्यांवरून लेनर्ड जेनिन्स यांनी १८४२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. सुमारे १० सेंटिमीटर लांबीचा हा नदीतला मासा महासागराच्या दोन्ही बाजूंना कसा पोहोचला, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बाल्यावस्थेत आहे, असे न्यूझीलंडचे मत्स्यशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकडॉवल आग्रहाने मांडत असत.

दक्षिण गोलार्धातील शरद ऋतूत, म्हणजे प्रामुख्याने मार्च ते मे या महिन्यांत, वयात आलेले मासे थव्याने नदीच्या मुखाकडे उतरतात. भरतीचे खारे पाणी जड असल्यामुळे ते नदीच्या गोड्या पाण्याखाली पाचरीसारखे शिरते; ही पाचर आत जिथवर पोहोचते, त्याच्या आसपासचे काठ हे मासे अंडी घालण्यासाठी निवडतात. कोकणातील वाचकांना परिचित असलेले अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले, की एरवी कोरडे असणारे काठावरचे गवत पाण्याखाली जाते आणि मासे त्या दाट गवतात शिरून बुडख्यांशी अंडी घालतात. नरांच्या रेताने तेथील पाणी दुधाळ होते. भरती ओसरते आणि जेमतेम एक मिलिमीटर व्यासाची अंडी मुळांच्या ओलसर जाळ्यात, चक्क पाण्याबाहेर, राहतात. अंडी घातल्यानंतर बहुतेक मासे मरतात, कारण त्यांचे आयुष्यच साधारणतः एका वर्षाचे असते.

पुढचे दोन ते चार आठवडे माशाचा गर्भ जमिनीवर वाढतो, हे या जीवनक्रमातील सर्वांत विलक्षण प्रकरण होय. या काळात अंड्यांना सुकण्यापासून आणि उन्हातील अतिनील किरणांपासून वाचवणारे आवरण गवताखेरीज दुसरे नसते. गवत विरळ झाले, की अंडी मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. गर्भाची वाढ पूर्ण झाली तरी अंडे लगेच फुटत नाही. नंतरच्या उधाणाचे पाणी त्याला स्पर्श करते तेव्हाच डिंभ, म्हणजे अंड्यातून नुकतेच निघालेले अपक्व पिल्लू, बाहेर पडते आणि ओहोटीबरोबर समुद्रात वाहून जाते. त्याची लांबी त्या वेळी सुमारे सात मिलिमीटर असते.

समुद्रात ही पिल्ले सुमारे सहा महिने सूक्ष्म प्लवकांवर वाढतात. वसंतात, जवळजवळ पाच सेंटिमीटर लांबीची व काचेसारखी पारदर्शक बोटुकली होऊन, ती नद्यांमध्ये शिरतात. मात्र ज्या नदीकाठी जन्म झाला तीच नदी ती शोधतात असे नाही. न्यूझीलंडमध्ये ‘व्हाइटबेट’ या नावाने जी चिमुकली मासळी नदीमुखांशी जाळ्यांनी धरून आवडीने खाल्ली जाते, तिच्यात पाच जातींची पिल्ले असतात आणि त्यांत ईनंगाचा वाटा मोठा असतो. नदीत आल्यावर ईनंगाच्या पिल्लांच्या अंगावर रंग व ठिपके उमटतात, आणि पुढच्या शरदात तीच अंडी घालण्यास सिद्ध होतात.

ही मासळी घटल्याची चर्चा होते तेव्हा दोष सहसा जाळ्यांना दिला जातो. मासेमारीवर मर्यादा हवीच. पण काठावरच्या काही मीटर रुंदीच्या पट्ट्यात गुरे चरली, गवत कापले गेले किंवा काठ दगडांनी बांधून काढला, तर अख्खी पिढी समुद्र पाहण्यापूर्वीच संपते, आणि या हानीकडे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. उपाय मात्र साधे आहेत. क्राइस्टचर्चच्या नद्यांकाठी संशोधकांनी पेंढ्याचे गठ्ठे मांडून पाहिले, तेव्हा माशांनी त्यांतही अंडी घातली. गुरांना कुंपणाने दूर ठेवलेल्या काठांवर गवत पुन्हा दाट होते आणि त्याच्या बुडाशी ओलावा टिकतो.