गुणसूत्रांचीं कडीं

मनुष्यदेहाच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रें असतात. निम्मीं मातेकडचीं, निम्मीं पित्याकडचीं. बीजपेशी बनतांना हीच संख्या २३ व्हावी लागते. या वाटणीची रीत मात्र विलक्षण: विभक्त व्हावयाचें, तर आधीं गळाभेट घ्यावयाची! १९५६ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ माँट्रोज मोझेस यांस क्रेफिश या गोड्या पाण्यांतील प्राण्याच्या पेशींत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं, जोडींतील दोन गुणसूत्रांना सांधणारी शिडीवजा चौकट दिसली. तींत गुणसूत्रें आपापले तुकडे बदलून घेतात, आणि चौकट विरघळली तरी त्या अदलाबदलीची गांठ उरते. दोन्ही ध्रुवांकडून तंतू ओढूं लागले, कीं गांठीवर ताण पडतो. मांडणी बिनचूक झाल्याचें पेशीस या ताणावरूनच कळतें.

गांठ टिकते ती ‘कोहेसिन’ नामक प्रथिनाच्या कड्यांमुळें. पहिल्या विभाजनांत गुणसूत्राच्या बाहूंवरचीं कडीं तुटतात. कंबरेचीं मात्र दुसऱ्या विभाजनापर्यंत राखावीं लागतात. त्यांच्या राखणदार प्रथिनास जपानी शास्त्रज्ञांनीं २००४ सालीं ‘शुगोशिन’, म्हणजे रक्षक देवता, हें समर्पक नांव दिलें.

स्त्रीच्या देहांत ही राखण फार लांबते. ती स्वतः आईच्या उदरांत असतांनाच तिच्या अंडपेशी अदलाबदल उरकून थबकतात. पुढचें विभाजन पंधरा, कधीं चाळीस वर्षांनीं होतें. वयाबरोबर कडीं ढिलीं पडतात, आणि २१ क्रमांकाचीं दोन्ही गुणसूत्रें एकाच अंडपेशींत जाण्याचा संभव वाढतो. १९५९ सालीं पॅरिस येथें जेरोम लेजून प्रभृतींनीं डाऊन लक्षणसमूहाच्या मुलांत ४७ गुणसूत्रें दाखविलीं. अशा मुलाच्या आईस, ग्रहण पाळलें नाहीं म्हणून, बोल लावणारीं माणसें अद्याप भेटतात. जीं कडीं निसटलीं, तीं बहुधा तिच्या स्वतःच्या जन्मापूर्वींच घातलीं गेलीं होतीं.