दीपगृहातील कन्या : एका एकपात्री प्रवेशाविषयी



शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एकपात्री प्रवेश निवडताना ॲबी बर्जेस हिच्या कथेचा अवश्य विचार व्हावा. अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात मॅटिनिकस रॉक नावाचा खडक आहे. तेथील दीपगृहाचे रक्षक सॅम्युएल बर्जेस १८५६ च्या जानेवारीत शिधासामग्री आणण्यास गेले आणि वादळ उठले. सुमारे चार आठवडे त्यांना परतता आले नाही. खडकावर उरल्या रुग्ण आई, धाकट्या बहिणी आणि १६ वर्षांची ॲबी. दोन मनोऱ्यांत मिळून तेलाचे २८ दिवे होते. ते तिने रोज रात्री तेवत ठेवले.

असा प्रवेश बसविताना लाटांचा गडगडाट आणि नायिकेचा आक्रोश यांवरच भर देण्याचा मोह होतो. परंतु ॲबीचा खरा पराक्रम तेल भरणे, वाती कातरणे, काचा पुसणे या नित्याच्या कामात आहे. म्हणून मुलीच्या हाती केवळ एक कंदील व एक फडके द्यावे. पडदे नकोत, खर्च नको. तिने न दिसणाऱ्या आईशी बोलावे आणि उत्तरासाठी क्षणभर थांबावे. त्या थांबण्यातच प्रेक्षकांना आई दिसेल.

या भूमिकेसाठी नेहमीची मोठ्या आवाजाची मुलगी शोधू नये. नेमून दिलेले काम न चुकता करणारी, परंतु रंगमंचावर कधीच न आलेली एखादी अबोल मुलगी आपल्या वर्गात असेल. ही संधी तिला द्यावी, एवढीच विनंती.