राजपुत्राविना सिंड्रेला



परीकथेचा एकच अस्सल पाठ असतो आणि बाकीचे सारे विपर्यास, अशी समजूत पुष्कळांच्या मनात घर करून असते. सिंड्रेलाची कथा ती समजूत टिकू देत नाही. नवव्या शतकातील एका चिनी ग्रंथात तिच्या जागी येशियान नावाची मुलगी आहे आणि तिचा पाठीराखा आहे एक मासा. फ्रान्सच्या शार्ल पेरोने १६९७ मध्ये कथेत परी आणि काचेची पादत्राणे आणली. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात परी नाही. तेथे आईच्या थडग्यावर वाढलेले झाड आणि पाखरे त्या पोरक्या मुलीची पाठराखण करतात. प्रत्येक काळाने आपले दुःख तिच्या ओटीत घातले, आणि तिने ते सांभाळले.

याच परंपरेत मॅलिंडा लो यांची ‘अ‍ॅश’ ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखिकेचा जन्म चीनमधला. बालपणीच ती आईवडिलांसह अमेरिकेत आली. कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात नायिका रूढीप्रमाणे राजपुत्राच्याच प्रेमात पडत होती. परंतु तिचे मन खरे रमते ते कथेतील एका स्त्रीपाशी, हे खर्डा वाचणाऱ्या एका स्नेह्याच्या ध्यानी आले. लेखिकेने मग कथा तिच्या स्वाभाविक वाटेने जाऊ दिली.

आईवडील गेल्यावर अ‍ॅश सावत्र आईच्या घरी वडिलांचे कर्ज राबून फेडते. शोकाने ती इतकी झाकोळली आहे की अरण्यातील सिडीन या परीलोकीच्या पुरुषाने आपल्याला कायमचे घेऊन जावे, असेच तिला वाटते. ही ओढ वस्तुतः मृत्यूची आहे. राजाच्या शिकारपथकाची प्रमुख कायसा तिच्या आयुष्यात येते, तेव्हा तिला प्रथमच जगावेसे वाटते. सिडीनकडून घेतलेल्या वरांचे ऋण अ‍ॅश चुकते करते आणि कायसाकडे परतते. त्या राज्यात स्त्रीचे स्त्रीवर प्रेम असणे हा नवलाचा किंवा निंदेचा विषयच नाही. संघर्ष आहे तो शोक आणि जीवन यांच्यात.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच अनोळखी नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. परंतु त्यातील मित्राच्या वाट्याला आत्मनाश येतो. ती शोकांतिका आपल्या काळाशी प्रामाणिकच होती. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. कायद्याने भय हटते. पण आपणही सुखाने नांदू शकू, ही कल्पना मनात रुजवायला कथाच लागते.

ग्रंथालयाच्या कपाटांपुढे एखादी सोळा वर्षांची मुलगी मुकाट्याने उभी असते. काय शोधते आहे, ते तिला कोणाला विचारता येत नाही. तिच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक पुस्तकात तिच्यासारखीच्या वाट्याला मरणच येत असेल, तर ती त्यातून काय शिकेल? शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेने हा प्रश्न आपला मानावा. जुन्या सिंड्रेलाशेजारी ही नवी सिंड्रेला ठेवल्याने जुनीचे काही उणे होत नाही. एका वाचकाला मात्र जगण्याची वाट सापडू शकते.