धावता धावता थांबायला शिकले

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. बरेच जण विचारतात, "ताई, तुम्ही ट्रेल रनिंग करता म्हणजे नक्की काय करता? आणि मुंबईत डोंगर आहेत कुठे?" तर आजचा भाग त्यावर.

डोंगर आहेत हो, रोज लोकलमधून दिसतात. बोरिवलीहून पूर्वेला बघा, मुलुंडहून पश्चिमेला बघा, दोन्हीकडून दिसतं ते एकच जंगल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शंभर चौरस किलोमीटरपेक्षा थोडं मोठं. त्याच्या पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव. दहिसर नदी इथूनच निघते, मिठीसुद्धा विहार-पवईच्या पाण्यावरच सुरू होते.

माझा नेहमीचा रस्ता म्हणजे बोरिवलीचं गेट ते कान्हेरी. साधारण सहा-सात किलोमीटर. बराचसा डांबरी, शेवटी चढ, आणि मग लेण्यांच्या कातळपायऱ्या. मरीन ड्राइव्हवर धावणं आणि इथं धावणं यात फरक काय? तिथं घड्याळ बघून धावता येतं. इथं नजर जमिनीवर लागते, तीन-चार पावलं पुढे. मूळ आहे का, सुटा दगड आहे का, शेवाळ आहे का. पावलं छोटी टाकायची, उतारावर तर अजून छोटी. डोक्यात ऑफिसचे विचार यायला जागाच उरत नाही. खरं सुख ते.

दुसरं सुख म्हणजे माणसं. गेटपाशी "जय जिनेंद्र", थोडं पुढे "रामराम", आणि कॉलेजच्या पोरांचा घोळका असेल तर "जय शिवराय". मुंबईत आपण शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाला हाक मारत नाही, पण चढावर घामाघूम झालेला माणूस अनोळख्याला बिनधास्त विचारतो, "अजून किती?" आणि उत्तरही ठरलेलं, "हे काय, आलंच, दहा मिनिटं." सह्याद्रीत कुठंही जा, दहाच मिनिटं असतात!

आता खरं सांगते. पहिली तीन वर्षं मी या माणसांना फक्त ओलांडत होते. कानात इअरफोन, "साइड प्लीज" म्हणायचं आणि पुढे. एकदा एक आजोबा दचकून कडेला सरकले, काठी हातातून पडली. मी मागे वळून "सॉरी" म्हटलं, पण थांबले नाही. वेळ खराब झाली असती ना माझी.

मग एका जुलैत, पाऊस नुकताच थांबलेला, लेण्यांच्या वरच्या कातळावरून मी उतरत होते. एकटी. शेवाळावर पाय सरकला आणि घोटा मुरगळला. उभंच राहता येईना. फोन काढला, रेंज नाही. चूक सगळी माझीच. दहा-पंधरा मिनिटं तशीच बसले होते, आणि खालून चार काका आले, दर रविवारी येणारे. मी त्यांना कितीतरी वेळा ओलांडून गेले होते. मला त्यांचे चेहरे आठवत नव्हते, त्यांना माझा आठवत होता. एक म्हणाले, "अरे, ये तो अपनी रॉकेट बेन है!"

पिशवीतून क्रेप बँडेज निघालं, थेपले निघाले, थर्मासमधला चहा निघाला. दोघांनी खांदा दिला. पायऱ्या उतरायला तासभर लागला. कोणी घाई केली नाही.

खाली एक मावशी काकड्या विकत बसल्या होत्या. उद्यानाच्या हद्दीतल्याच पाड्यावरच्या. त्यांनी विचारलं, "सकाळी कितीला निघता?" मी म्हटलं, अंधार असतानाच. तशा म्हणाल्या, "आमी आमच्या पोरांना पण त्या वेळेला एकटं नाय सोडत."

मंडळी, हे जंगल बिबट्याचं आहे. तो मुख्यतः रात्री, पहाटे आणि संध्याकाळी फिरतो. समोर आला तर पळायचं नाही, वाकायचं नाही, ताठ उभं राहायचं, मोठ्यानं बोलायचं, हळूहळू मागे सरकायचं. म्हणजे माझं एकटीनं, अंधारात, कानात गाणी घालून धावणं ही सगळी उलटी तऱ्हा होती. पुस्तकात वाचलेलं होतं, पण समजलं त्या दिवशी.

तेव्हापासून माझे नियम बदलले. उजाडल्यावर निघायचं. सोबत कोणीतरी हवं. इअरफोन घरी. चढणाऱ्याला वाट द्यायची, वयस्कर माणसाजवळ चालायचं, लांबूनच आवाज द्यायचा. आणि मुलुंड-येऊरकडच्या चोरवाटांनी आत घुसायचं नाही. शिलोंडासारख्या पायवाटेवर जायचं तर परवानगी काढून, वाटाड्याबरोबर.

वेळ वाढली का? वाढली. आता मी मधे थांबते. लेण्यांत पाण्याची टाकी आहेत ना, तिथं बसते. शिलालेखांत या टाक्यांना "पोढी" म्हटलंय. सोपारा, कल्याणच्या लोकांनी इथं दानं दिल्याचे लेख आहेत. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या पैशानं कातळात टाकं खोदून घेतलं, वर चढून येणाऱ्या माणसाला पाणी मिळावं म्हणून. थर्मासमधला चहा त्याच जातीचा, असं मला वाटतं.

त्या चार काकांपैकी दोघं आता गुडघ्यांमुळे कान्हेरीपर्यंत येत नाहीत. गेटजवळच फिरतात. मी परतताना त्यांच्याबरोबर शेवटचा किलोमीटर चालते. २०२४ मध्ये कारवी फुलली होती, ती आठ वर्षांतून एकदाच फुलते, तेव्हा आम्ही पाचही जण मिळून बघायला गेलो होतो. पुढची २०३२ ला. काका म्हणतात, "बेन, तब हमको खांदा देना." दिलाच पाहिजे. कबूल केलंय.

तर मंडळी, या रविवारी बाहेर पडा. धावा, चाला, काहीही करा, पण समोरून येणाऱ्याला हाक मारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.