टॉवर गच्चीवर, फोन कानाशी



बडोदा, इंदूर, हैदराबाद, दिल्ली, आपले श्रोते कुठलेही असोत, एक प्रश्न सगळीकडून येतो : "आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर येतोय. येऊ द्यावा का?" काही इमारतींत यावरून शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालंय. म्हणून आज यावरच बोलतो.

आधी भीतीचं मूळ बघू. मोबाईलच्या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत. अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब. सुरक्षेच्या मर्यादा त्यावरूनच ठरल्या, त्याही बरंच अंतर राखून.

मग कर्करोगाचं काय? २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवल्या. म्हणजे पुरावा तोकडा, पण शंका पूर्ण फिटलेली नाही. पुढे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

आपल्या देशानं १ सप्टेंबर २०१२ पासून नियम कडक केले. टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश : ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ४.५ ऐवजी ०.४५ वॅट. फोनसाठी 'सार', म्हणजे शरीरात शोषली जाणारी ऊर्जा, किलोमागे जास्तीत जास्त १.६ वॅट.

आता खरी गोम ऐका. टॉवर ताकदवान, पण लांब. अंतर दुप्पट झालं की तीव्रता साधारण चौथाईवर येते. फोन छोटा, पण कानाला चिकटलेला. शिवाय टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो, लांब असला की ओरडतो. टॉवर हाकलला आणि सिग्नलची एकच दांडी उरली, तर तो ओरडणारा फोन आपल्याच कानाशी असतो!

म्हणून माझं सांगणं सोपं आहे. लांबलचक बोलणं असेल तर स्पीकर किंवा इअरफोन लावा. लिफ्टमध्ये, धावत्या गाडीत, सिग्नल कमी असताना थोडक्यात आटपा. नवा फोन घेताना स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबून 'सार'चा आकडा बघा.

आणि टॉवर? डोळे मिटून 'हो' म्हणू नका, 'नाही'ही म्हणू नका. अँटेनाच्या तोंडासमोर कुणी जाणार नाही अशी जागा आणि कुंपण मागा. पतंग उडवणारी पोरं गच्चीवर जातातच. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर टॉवरची माहिती मिळते, शुल्क भरून मोजणीही मागता येते. तो आकडा सोसायटीच्या सभेत सगळ्यांसमोर ठेवा. भांडायचंच असेल, तर निदान आकड्यावर भांडा.