वेंगुर्ल्याचे खडक : दीप आणि राखण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त देवनहळ्ळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवनहळ्ळीत उभे राहून समुद्राविषयी बोलणे हे थोडे धाडसच आहे. या गावाला किल्ला आहे, चकोत्याच्या बागा आहेत, २००८ पासून विमानतळही आहे; समुद्र तेवढा नाही. परंतु आपल्यापैकी कित्येकांची मुळे कोकणात किंवा बेळगावकडे आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात बेळगावचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून घाट चढून येत असे. त्या बंदरासमोरील खडकांची हकीकत म्हणूनच आपल्याला परकी नाही.

निवतीच्या भूशिरावर एक जुना किल्ला आहे. तेथून पश्चिमेस नजर टाकली, की भर समुद्रात काळ्या खडकांचा एक समूह दिसतो. नकाशात त्यांस ‘वेंगुर्ला रॉक्स’ वा ‘बर्न्ट आयलंड्स’ म्हणतात. मुंबई-गोवा जलमार्गावर हे खडक म्हणजे जहाजांचा काळच. म्हणून १८७० च्या सुमारास तेथे दीपगृह उभे राहिले. पावसाळ्यात होडी लागणे दुरापास्त. अशा ठिकाणी दिवा तेवत ठेवणाऱ्यांच्या एकांताची कल्पना आपणच करावी.

या खडकांच्या गुहांत एक चिमुकली पाकोळी घरटे करते. काळोखात ती टिकटिक असा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. घरटे बांधावयास तिच्यापाशी मुख्यतः स्वतःची लाळच असते. ती वाळून कातळाला चिकटलेली अर्धी वाटी तयार होते. हीच वाटी चिनी सूपासाठी सोन्याच्या मोलाने विकली जाते, आणि तेच तिचे दुर्दैव.

हे दुर्दैव जुने आहे. ब्रिटिश अमदानीत ही घरटी काढण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई. एकाच राजवटीने खलाशांसाठी दिवा लावला आणि पाखरांची घरे लिलावात काढली! पक्षिशास्त्रज्ञांचे लक्षही या बेटांकडे पूर्वीपासून होते. हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय पक्षी आणि पाकोळ्या यांवर बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला, त्याला ऐंशीहून अधिक वर्षे लोटली.

पुढे मक्ते गेले, कायदे आले. तरीही या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेला येथे घरट्यांची चोरटी तोड चालल्याचे आढळले. घरटे ओरबाडले, की त्यातली अंडी व पिले खाली जातात. पाकोळी पुन्हा लाळ वेचून दुसरे घरटे बांधू लागते, आणि तेही जाते. संस्थेने हा प्रकार उजेडात आणला, वनखात्याचे लक्ष वेधले आणि संरक्षणाचा पाठपुरावा केला.

येथेच मला आजचा मुद्दा सांगावयाचा आहे. एखादी जागा दूर आहे, दुर्गम आहे, म्हणून ती सुरक्षित राहील, असे आपण सहज धरून चालतो. वेंगुर्ल्याच्या खडकांनी हा समज खोटा ठरविला. जेथे कोणी पाहावयास नाही, तेथे चोराला सर्वांत अधिक निर्धास्तपणा. दिवा जहाजांना वाचवितो, पण त्याच्याच पायथ्याच्या गुहेत तो पोहोचत नाही. गुहेला राखणदारच हवा, आणि तो किनाऱ्यावरचा, त्या पाण्यात होडी घालणारा माणूस असला तरच राखण टिकते.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका निवतीजवळ बुडवून समुद्रतळाशी संग्रहालय करण्याचा प्रकल्प शासनाने २०२५ साली हाती घेतला. त्यामुळे पर्यटक येतील, होड्या वाढतील, गावाच्या हाताला काम मिळेल; त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र येणाऱ्या उत्पन्नातला एक वाटा राखणीसाठी निघावा, आणि विणीच्या दिवसांत गुहांकडे कोणी फिरकू नये, एवढा आग्रह धरावयास हवा.

आपणही जाल तेव्हा निवतीच्या कोळी बांधवांना विचारून, हवामान पाहून जा. खडकांना होडीतूनच प्रदक्षिणा घाला. आकाशात एखादा समुद्रगरुड दिसेल, दैव अनुकूल असेल तर डॉल्फिनही दिसतील. गुहेच्या तोंडाशी पाकोळ्यांची ये-जा दिसली, तर ती दुरूनच पाहा आणि आत कोणी माणूस दिसला, तर परतताच वनखात्याला कळवा. तेवढी राखण पाहुण्यालाही करता येते.