सोलापूरचा डॉक्टर, चीनमधला मास्तर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



चीन म्हटलं की आपल्याला ती मोठी भिंत आठवते. मला आठवतात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते तिकडे गेले. सहलीला गेलेल्याचं दुभाष्यावर भागतं; रुग्णाचं दुखणं समजायला त्याची भाषा यावी लागते. कोटणीस चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न झालं. मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. डिसेंबर १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी ते तिथंच वारले.

परभणीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी घरं शेजारी-शेजारी नांदतात. जिन्यात भेटलो की नुसतं हसून पुढं जातो. यापुढं शेजाऱ्याची विचारपूस त्याच्या भाषेत करू या.